जेवण नावाचं बटण

आपल्या मॅगझिनच्या मराठी विभागात दरवर्षी लेखांचा दुष्काळ असतो. यंदा संपादक मंडळात माझी रूममेट आहे, त्यामुळे टँकर माझ्या दारात उभा राहिला. मी तिला सांगून पाहिलं, "अगं, मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी म्हणजे फक्त एक पेपर. 'ऱ्हस्व' हा शब्द ऱ्हस्व लिहायचा की दीर्घ, तेसुद्धा मला कळत नाही." ती म्हणाली, "मग त्या माशांवर लिही. नाहीतरी दिवसभर तेच बघत असतेस."

हे मात्र खरं. मेसच्या रांगेत, प्रॅक्टिकल संपवून जर्नलवर सही व्हायची वाट बघताना, रात्री लाईट घालवल्यावर पांघरुणात, मी मोबाईलवर एक वाकडीतिकडी रेघ बघत असते. सुरुवातीला मजल्यावरच्या मुलींना वाटायचं, ही शेअर बाजारात पैसे लावते. एकीला तर वाटलं, नक्कीच कोणीतरी 'आहे'. ती रेघ म्हणजे नारायणगावच्या आमच्या घरातल्या एका काचेच्या टाकीतल्या पाण्याचं तापमान असतं. (निराशा केल्याबद्दल माफी.)

तर मंडळी, टाकीची गोष्ट अशी. माझी बारावी झाली त्या सुट्टीत आमचे ठाण्याचे काका नोकरीसाठी दुबईला गेले. गाडी विकली, फ्लॅट भाड्याने दिला, पण तीन फुटी खाऱ्या पाण्याच्या टाकीला काही गिऱ्हाईक मिळेना. तेव्हा पप्पांचा टोमॅटो वाशीला जात होता. परतीच्या रिकाम्या पिकअपमध्ये, क्रेटांच्या मधोमध गोधडीत गुंडाळलेली टाकी, आठ कॅन खारं पाणी आणि थर्माकोलच्या खोक्यात पिशव्यांमध्ये दोन केशरी-पांढरे क्लाउनफिश, असा ऐवज निघाला आणि कल्याण, मुरबाड करत माळशेज घाट चढून रात्री दहाला आमच्या दारात उतरला. ड्रायव्हरमामांनी पिशवी उजेडात धरून बघितली आणि विचारलं, "ताई, याचं कालवण तरी होईल का ओ?"

समुद्राकडचा माल घाट चढून जुन्नरला येणं तसं नवीन नाही. माळशेजच्या शेजारीच नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळात कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल याच वाटेने वर यायचा. शाळेच्या सहलीत आम्ही तिथला दगडी रांजण बघितला होता, तो जकातीचा असं सांगतात. गुहेत राणी नागनिकेचा लेख आहे. कुठल्या यज्ञाला किती गायी दिल्या, किती घोडे, किती कार्षापण, सगळं आकड्यांसकट ब्राह्मीत कोरलेलं. आपल्या देशातल्या जुन्यात जुन्या आकड्यांमध्ये ते आकडे मोजतात. सहलीत मला ते भयंकर बोअर झालं होतं. आता वाटतं, राणीने दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर लॉग फाईल लिहून ठेवली होती!

माल येत होता, पण आख्खा समुद्र कोणी घरी आणला नव्हता. तो मान आमचा.

ज्यांनी रीफ टँक बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रीफ म्हणजे प्रवाळ, आपण ज्याला पोवळं म्हणतो ते. पोवळं हा दगड नाही आणि झाडही नाही, तो प्राणी आहे. हे ऐकल्यावर आजीने स्वतःच्या बोटातल्या अंगठीकडे असं बघितलं, जणू ती चावेल. कठीण सांगाड्याची, रीफ बांधणारी सगळी पोवळी २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. म्हणजे जो कायदा आमच्या उसातल्या बिबट्याला, तोच पोवळ्याला. त्यामुळे आमच्या टाकीत तसली पोवळी नाहीत. सिरॅमिकचे दगड आहेत, त्यांवर काकांनी लावलेली मऊ अंगाची मशरूम आणि बटणासारखी दिसणारी झोअँथिड्स आहेत, एक लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कोळंबी होती आणि क्लाउनफिशची ती जोडी. क्लाउनफिश आता आपल्याकडे हॅचरीतही वाढवतात, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचं तंत्र बसवलंय. आमची जोडी तशीच, समुद्र न बघितलेली. माझ्यासारखीच म्हणा ना, मीही समुद्र पहिल्यांदा नववीत बघितला.

या सगळ्या जीवांची एकच अट असते: बदल नको. समुद्र एवढा मोठा की तो एका दिवसात फारसा बदलतच नाही. त्याचं तापमान, खारटपणा, पीएच, सगळं संथ. आमच्या टाकीत पाणी जेमतेम १९० लिटर. तिला २५-२६ अंश तापमान हवं, लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार हवेत, पीएच ८.१ ते ८.४ च्या मध्ये हवा. आणि नारायणगावात डिसेंबरच्या पहाटे स्वेटर घालून शेकोटीजवळ बसावं लागतं, तर एप्रिलमध्ये दुपारी पत्रा तापून घर भट्टी होतं. उन्हाळ्यात टाकीतलं दोन-तीन लिटर पाणी रोज उडून जातं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ आतच राहतं. म्हणजे रोज पाणी थोडं जास्त खारट. मग त्यात गोडं, शुद्ध पाणी घालत राहायचं. हे काम पहिलं वर्षभर मम्मी, पप्पा आणि आजीने आळीपाळीने केलं आणि आळीपाळीने विसरले.

तेव्हा मी ठरवलं, कंट्रोलर करायचा. तयार कंट्रोलर मिळतात, अमेरिकेचा ॲपेक्स, जर्मनीचा प्रोफिलक्स. किमती बघितल्या आणि मोबाईल पालथा ठेवला. मग रास्पबेरी पायवर चालणाऱ्या रीफ-पाय या मुक्त सॉफ्टवेअरबद्दल वाचलं आणि धीर आला. फर्स्ट इयरच्या सुट्टीत मी ईएसपी-३२ बोर्ड, डीएस१८बी२० तापमान सेन्सर, चार रिले आणि दोन फ्लोट स्विच घेऊन बसले. घरी कोणाला हे फार नवल वाटलं नाही, कारण आमच्या तालुक्यात ऑटोमेशन घरोघरी आहे. शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीची असते, आणि रात्री विहिरीवर जायचं म्हणजे उसातून बिबट्या निघायची भीती. म्हणून मोटरीला 'ऑटो' बसवतात, लाईट आली की मोटर आपोआप सुरू. आता तर मोबाईल स्टार्टर आहे, घरातून फोन लावायचा, की तिकडे पाणी चालू. पप्पांनी माझं सर्किट बघितलं आणि एका वाक्यात निकाल दिला, "म्हणजे माशांचा ऑटो."

दुसरं उदाहरण त्याहून मोठं. आमच्या जवळच खोडदला जीएमआरटी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या, डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभ्या केलेल्या. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला तिथे जत्रा भरते, आम्ही शाळेतून जायचो. त्या शेतांमधल्या डिश एका कंट्रोल रूममधून फिरवतात, त्यांची खबर ऑप्टिकल फायबरमधून एका ठिकाणी येते. वारा जास्त झाला की डिश आकाशाकडे तोंड करून उभ्या ठेवतात. सातवीत मला तिथे सगळ्यात आवडलं होतं ते हे, की एवढं दूरचं एका टेबलापाशी बसून कळतं. ई अँड टीसीला ॲडमिशन घ्यायचं बीज तिथलंच. (व्हायवाला 'व्हाय दिस ब्रँच?' विचारलं की मी हेच सांगते.)

कंट्रोलर चालू झाला. दर मिनिटाला तापमान नोंदवायचा, कमी झालं तर हीटर लावायचा, वाढलं तर पंखा. पातळी उतरली की बादलीतलं शुद्ध पाणी आपोआप आत सोडायचा. एक बटण मात्र मी खास आजीसाठी बसवलं. माशांना खाणं टाकताना पंप चालू असले तर सगळं खाणं फिल्टरमध्ये ओढलं जातं. म्हणून बटण दाबलं की पंप दहा मिनिटं थांबतात आणि आपोआप पुन्हा सुरू होतात. बटणावर चिकटपट्टी लावून मी लिहिलं: जेवण. सकाळी आठ आणि संध्याकाळी साडेसहा, आजी चष्मा लावून यायची, बटण दाबायची, चिमूटभर दाणे टाकायची आणि खुर्ची ओढून दहा मिनिटं समोर बसायची. बटण दाबल्याची वेळही लॉगमध्ये जायची. का, तर सगळंच जायचं म्हणून. त्याचा काही उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं.

आता माझी फजिती सांगते. मागच्या वर्षीचा डिसेंबर, सेमिस्टरची परीक्षा. हा जो सेन्सर आहे, त्याचं एक वैशिष्ट्य आहे. वीज आल्याआल्या, पहिलं मोजमाप व्हायच्या आधी त्याला विचारलं तर तो सरळ ८५ अंश सांगतो. त्या आठवड्यात घरी लाईट सारखी ये-जा करत होती. प्रत्येक वेळी मला रात्री-अपरात्री मेसेज, 'तापमान ८५'. म्हणजे माशांचं कालवणच! प्रोग्रॅममध्ये एक ओळ टाकून हे ८५ गाळता आलं असतं. मी तो कंटाळा केला आणि मेसेजच म्यूट करून टाकले. 'लांडगा आला रे आला' लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकलंय, आमच्याकडे बिबट्या म्हणा.

त्याच वेळी पप्पा कांद्याला पाणी भरायला दोन रात्री शेतावर होते, त्यामुळे शुद्ध पाण्याची बादली रिकामी झाली. बादली रिकामी झाल्याचं सांगणारा स्विच मी बसवलाच नव्हता. टाकीखालच्या सम्पमधली पातळी उतरत गेली आणि वर चिकटवलेला माझा सेन्सर उघडा पडला. आता तो पाण्याचं नाही, खोलीतल्या हवेचं तापमान सांगायला लागला: १६ अंश. कंट्रोलरने काय करावं? प्रामाणिकपणे हीटर लावला. पाणी तापलं तरी सेन्सर १६ च म्हणत होता, त्यामुळे हीटर बंद व्हायचं नावच नाही. हीटरला स्वतःचा थर्मोस्टॅट असतो, पण तोही मी शहाणपणाने ३२ वर नेऊन ठेवला होता, म्हणजे सगळा कारभार माझ्या प्रोग्रॅमच्या हातात राहावा.

गणित सगळ्यांना येतं. हीटर २०० वॉटचा, पाणी १९० लिटर; काहीच उष्णता वाया गेली नाही तर तासाला साधारण एक अंश. रात्री दहा ते पहाटे पाच, सात तास. काही वाया गेली, तरी पाणी तीस अंशांच्या वर गेलं.

मी इकडे होस्टेलवर गाढ झोपलेले. तिकडे आजी नेहमीप्रमाणे पाचला उठली. चुलीकडे जाता जाता टाकीच्या काचेवर हात टेकवला आणि थांबली. काच कोमट. दिवा लावून बघते तर दोन्ही मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकतायत. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो हे आपण पुस्तकात शिकतो, आजी चौथीपर्यंत शिकलीय. तिने कुठलं बटण काय ते बघितलं नाही, भिंतीवरचं मेन स्विच पाडलं. मग पातेलं घेतलं आणि दूध निववतात तसं पाणी वर उचलून उंचावरून ओतत बसली. सव्वा तास. पप्पा शेतावरून येईपर्यंत.

मासे वाचले. कोळंबी गेली. मशरूमचे दोन गड्डे आठवड्याभरात विरघळले.

सकाळी मी आलेख बघितला. त्यावर रात्रभर १६ अंशांची सरळ रेघ होती. आजीच्या हाताला जे कळलं, त्याचा माझ्या रेघेत मागमूस नव्हता. फोनवर मी रडले. आजी म्हणाली, "रडू नको. यंत्राला तू जिथं बसवलं तिथलं त्यानं खरं सांगितलं. ते बिचारं खोटं नाही बोललं." कंट्रोल सिस्टीमच्या पुस्तकात हे इतक्या थोडक्यात मला अजून सापडलेलं नाही.

सुट्टीत जाऊन मी सगळं पुन्हा केलं. सेन्सर दोन, एक सम्पमध्ये आणि एक टाकीत. दोघांत एका अंशाहून जास्त फरक पडला तर हीटर बंद, आणि मला मेसेज नाही, फोन. ८५ गाळलं. हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट २७ वर, म्हणजे माझा रिले चिकटला तरी पाणी शिजणार नाही. बादलीत स्विच. आणि एक धडा पप्पांच्या ऑटोवरून. लाईट आली की गावातल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात आणि ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो, म्हणून महावितरण ऑटो काढा म्हणून सांगत असतं. माझे पंपही लाईट आल्यावर एकदम सुरू होऊन घरचा इन्व्हर्टर पाडायचे. आता ते वीस-वीस सेकंदांच्या अंतराने सुरू होतात. पप्पा म्हणाले, "बघ, मासे तरी शिस्तीत आहेत."

पण मासे वर आले म्हणजे पाण्यात काहीतरी बिघडलंय, हे आजीला कसं माहीत? तिला विचारलं तर म्हणाली, "नदीकाठची पोर मी. उन्हाळ्यात डोहाचं पाणी आटलं की पहाटे मासे असेच वर यायचे." आजीचं माहेर आंबेगाव. तालुक्याला ज्याचं नाव आहे ते आंबेगाव, घोड नदीकाठचं. ते आता डिंभे धरणाखाली आहे. तालुक्याची कचेरी घोडेगावला, तालुक्याचं नाव मात्र बुडालेल्या गावाचं.

या मे महिन्यात मी तिला तिकडे घेऊन गेले. नारायणगाव, मंचर, घोडेगाव आणि पुढे डिंभे. पाणी बरंच खाली गेलं होतं. पाणी फार उतरलं की जुन्या गावाचे अवशेष उघडे पडतात. आजी काठावर उभी राहून बोट दाखवत होती, इथे बाजार, तिकडे आमचा वाडा, ती वाट नदीची. मला सगळीकडे चिखल आणि दगडच दिसत होते. मग ती हसून म्हणाली, "तुमचं बरं आहे, घरात पाणी ठेवलंय. आमचं पाण्यात घर ठेवलंय." मी हसले नाही.

धरणात जमीन गेलेल्या आदिवासींनी तिथे मच्छीमारांची सहकारी संस्था काढलीय. मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेच्या मदतीने जलाशयात तरंगते पिंजरे लावून त्यात मत्स्यबीज वाढवायचे प्रयोग झाले आहेत. काठावर जाळं नीट करत बसलेल्या एका काकांना मी माझ्या टाकीचं सांगितलं. त्यांनी १९० लिटर ऐकलं आणि म्हणाले, "एवढंसं पाणी? मग सांभाळावंच लागेल. पाणी मोठं असलं की ते माशाला सांभाळतं, लहान असलं की माणसाला सांभाळावं लागतं." मी ते लगेच मोबाईलमध्ये लिहून घेतलं. थर्मल मास हा शब्द मला तिथे वापरावासा वाटला नाही.

जूनमध्ये होस्टेलवर यायच्या आधी मी आजीला म्हटलं, "आता एकच काम उरलंय. ऑटो फीडर लावते. वेळेवर दाणे आपोआप पडतील, तुला उठबस नको." आजी पटकन म्हणाली, "मग मी काय करू?" मला वाटलं, जुन्या माणसांना नवीन नको असतं. विषय सोडून दिला.

आणि आता ऑगस्ट. इथून पुढचं लिहायला मला थोडी लाज वाटते.

इन-सेम परीक्षा, सबमिशन, गॅदरिंगच्या मीटिंगा. मी आलेख दिवसातून तीस-चाळीस वेळा बघत होते. तापमान हिरवं, पीएच हिरवा, पातळी हिरवी. सगळं हिरवं असलं की मला वाटायचं, घरी सगळं ठीक. मम्मी-पप्पा भावाच्या ॲडमिशनसाठी नाशिकला गेले होते, तीन दिवस आजी घरी एकटी. मला ते माहीत होतं. दोन दिवसांचंच तर आहे, शेजारी काकू आहेतच, असं सगळ्यांनी म्हटलं, मीही म्हटलं.

शुक्रवारी रात्री मेसमधून येऊन मी सहज लॉग चाळत होते. प्रोजेक्टच्या रिपोर्टला एक स्क्रीनशॉट हवा होता. बुधवार सकाळ ८:०४, जेवण. बुधवार संध्याकाळ ६:३१, जेवण. त्याखाली काही नाही. गुरुवार कोरा. शुक्रवार कोरा.

पहिल्यांदा मनात काय आलं सांगू? बटणाची वायर तुटली असेल. खरंच. मी इंजिनिअर होणार म्हणजे मी आधी वायरला दोष देणार. मग वाटलं, थांब, सेन्सर खोटं बोलत नाही, जिथे बसवलाय तिथलं सांगतो. हा सेन्सर मी कुठे बसवलाय? आजीच्या बोटाखाली.

फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला आणि आवाज इतका बारीक की मला वाटलं रेंज नाही. "काही नाही गं. जरा अंग मोडून आलंय. तुझ्या परीक्षा चालूयेत ना, म्हणून कोणाला सांगितलं नाही. माशांना उपास घडला बघ."

मी शेजारच्या काकूंना फोन केला. त्या धावत गेल्या, ताप १०३. रात्रीच गाडी करून दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं, डेंग्यू. प्लेटलेट्स कमी झाल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. पाच दिवस ॲडमिट होती. मी रेक्टर मॅडमकडून परवानगी घेऊन पहाटेच्या एसटीने गेले. सलाईन लावलेल्या हाताने आजीने माझा हात धरला आणि पहिलं काय विचारलं असेल? "पेपर बुडवून आलीस का?"

त्या रात्री दवाखान्याच्या बाकड्यावर बसून मी माझ्या मोबाईलमधला दुसरा लॉग बघितला, कॉल हिस्टरी. आजीला मी शेवटचा फोन केला होता त्याला त्या शुक्रवारी अकरा दिवस झाले होते. अकरा दिवसांत टाकीचं तापमान मी कमीत कमी तीनशे वेळा बघितलं होतं. पाणी २५.६ आहे हे मला दशांशासकट माहीत होतं, आणि त्या टाकीसमोर खुर्ची टाकून बसणाऱ्या माणसाला दोन दिवस ताप आहे हे माहीत नव्हतं. घरचा आलेख बघणं म्हणजे घरी फोन करणं, असं मी कधीपासून धरून चालले, ते मलाच कळलं नाही. सगळे म्हणतात, तुझ्या यंत्रामुळे आजी वाचली. मी मान डोलावते. पण मला माहीत आहे, ते बटण मी पंप थांबवायला बसवलं होतं. आजीची खबर त्यातून आली, ती माझ्या हुशारीमुळे नाही. आणि त्या जूनमध्ये मी ऑटो फीडर लावला असता, तर दाणे वेळेवर पडले असते, लॉग भरलेला दिसला असता, सगळं हिरवं राहिलं असतं.

आता प्रोजेक्टमध्ये सरांनी विचारलं, "फीडिंग ऑटोमेट का नाही केलं? इझी आहे." मी म्हटलं, "सर, युझर रिक्वायरमेंट." सरांनी मार्क कापले नाहीत.

आजी घरी आली त्या दिवशी मी कॉलेजला परत आले होते. लॅबमध्ये होते. दुपारी ४:५२ ला लॉगमध्ये नोंद आली, जेवण. ४:५३ ला पुन्हा, जेवण. ४:५५ ला पुन्हा. मासे काही एवढे खात नाहीत. मला बरं वाटावं म्हणूनच ती बटण दाबत असणार, कारण दवाखान्यात मी तिला सगळं सांगितलं होतं, की तू बटण दाबलंस की मला इकडे दिसतं. लॅबच्या बाहेर येऊन मी फोन लावला.

"आजी, खाल्लं का?"

"कोणी, माशांनी का मी?"

"दोघांनी."

"खाल्लं. तू जेवलीस का?"

मेसला त्या दिवशी पुन्हा दुधी होता. मी म्हटलं, हो, जेवले.

तेव्हापासून आमचं ठरलंय. साडेसहाला लॉगमध्ये 'जेवण' दिसलं की साडेसहा ते सात माझा फोन. मजल्यावरच्या मुलींनो, त्या वेळात मी गॅलरीत बोलत असते, त्याचं कारण एवढंच. मघाशी ज्या मैत्रिणीला वाटलं होतं की 'कोणीतरी आहे', तिचं खरं तर बरोबरच होतं. वय वर्षं ७४.

(टी. ई., ई अँड टीसी, लेडीज होस्टेल)